नोकरी सुटली: भत्त्याचा अर्ज आणि मंजुरीपर्यंतचे दिवस

हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर. नागपूरच्या या तिन्ही एमआयडीसींत माणूस कामावरून कमी होतो तेव्हा त्याच्या हातात बहुतेक वेळा काहीच लेखी पडत नाही. ठेकेदार म्हणतो, 'सध्या ब्रेक घे, काम आलं की फोन करतो.' कंपनी म्हणते, 'राजीनामा लिहून दे, हिशेब लवकर करतो.' इथेच पुढचा सगळा घोळ सुरू होतो. बेकारीतली जी काही मदत कायद्याने मिळते ती नोकरी कोणत्या तारखेला आणि कोणत्या कारणाने सुटली, या दोन नोंदींवर ठरते. अर्ज कसा भरायचा हे त्यानंतरचं काम.

महाराष्ट्रात सरसकट प्रत्येक बेरोजगाराला मिळणारा भत्ता नाही. व्हॉट्सॲपवर 'बेरोजगारी भत्ता ५,००० रुपये, लिंकवर नाव नोंदवा' असं जे फिरतं त्यावर आधार क्रमांक टाकू नका. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास, आयटीआय-डिप्लोमा आणि पदवीधर यांना अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं आहे, पण ते १८ ते ३५ वयाच्या तरुणांना प्रशिक्षणासाठी आहे, नोकरी गेल्याची भरपाई म्हणून नाही. नोकरी गेल्याबद्दलची रोख मदत मिळते ती ईएसआयसीकडून (कर्मचारी राज्य विमा महामंडळ), म्हणजे ज्याच्या पगारातून ईएसआय कापला जात होता त्यालाच. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, दिव्यांग कामगारांसाठी २५,०००. त्यावरच्या पगाराच्या माणसाला, मिहानमधल्या आयटीवाल्यांसह, पीएफ, ग्रॅच्युइटी आणि कपातीची भरपाई यांवरच भागवावं लागतं.

राजीनाम्यावर सही करण्याआधी

ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून सुरू आहे. स्वतःहून राजीनामा दिला, स्वेच्छानिवृत्ती घेतली, कामावर जाणं सोडून दिलं, निवृत्तीचं वय झालं, शिस्तभंगाच्या कारवाईत बडतर्फ झालात किंवा बेकायदा ठरलेल्या संपात होतात, तर या योजनेचा पैसा मिळत नाही. म्हणून 'हिशेब लवकर होईल' या आमिषापायी लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी पुढे फार महागात पडते.

मालकाने खरोखर काम नाही म्हणून कमी केलं असेल तर त्याच्याकडून एवढंच लेखी मागा: 'कामाअभावी अमुक तारखेपासून सेवा समाप्त करण्यात येत आहे.' लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी कंपनीच्या ईमेलवर किंवा सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर लिहा: 'आज अमुक तारखेला मला उद्यापासून कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं, मी काम करायला तयार आहे.' रागाचा एक शब्दही नको. गेटपास बंद झाला असेल तर तारखेसह फोटो काढून ठेवा. दडपणाखाली राजीनामा लिहून दिलाच असेल तर गप्प बसू नका. दोन-चार दिवसांच्या आत रजिस्टर पोस्टाने कंपनीला कळवा की हा राजीनामा स्वेच्छेचा नाही, आणि त्याची प्रत सिव्हिल लाइन्समधल्या कामगार आयुक्त कार्यालयाच्या आवक खिडकीवर देऊन पोच घ्या. महिनाभराने केलेल्या तक्रारीला ते वजन राहत नाही.

कागदापेक्षाही महत्त्वाची एक नोंद तुमच्या नजरेआड होते. मालक दर महिन्याची ईएसआय वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरतो. त्या भरण्यात ज्याचे दिवस शून्य आहेत त्याच्या नावापुढे कारणाचा आकडा निवडावा लागतो. 'नोकरी सोडली' याला २, 'कामगार कपात' याला १० आणि 'काम नाही' याला ११. पगार करणारा कारकून घाईत सगळ्यांना २ टाकून मोकळा होतो. त्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ईएसआयसीच्या शाखा कार्यालयाच्या पडद्यावर तुम्ही स्वतःहून नोकरी सोडल्यासारखे दिसता. म्हणून शेवटच्या कामाच्या महिन्याचा भरणा होण्याआधी एचआरला किंवा ठेकेदाराच्या पगार लिहिणाऱ्याला गाठून सांगा: कारण १० किंवा ११ टाका, शेवटचा कामाचा दिवस बरोबर लिहा. सगळ्या धावपळीतलं हे सर्वांत स्वस्त काम आहे.

पात्रता आणि रक्कम

नोकरी सुटण्याच्या लगेच आधी किमान दोन वर्षं विमायोग्य, म्हणजे ईएसआय लागू असलेली, नोकरी हवी. ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत मोजलं जातं: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. नोकरी सुटण्याच्या लगतच्या तुकड्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी आणि त्याआधीच्या तीनपैकी कोणत्याही एका तुकड्यात ७८ दिवसांची वर्गणी, अशी अट आहे. योजना मुदतवाढीवर चालते आणि मुदतवाढीबरोबर अटीही बदलू शकतात. त्यामुळे तुमची नोकरी सुटल्याची तारीख चालू मुदतीत बसते का आणि अट काय आहे, हे अर्जाआधी ईएसआयसीच्या पोर्टलवर किंवा १८००-११-२५२६ या टोल-फ्री क्रमांकावर विचारून घ्या.

मदत रोजच्या सरासरी कमाईच्या निम्मी, जास्तीत जास्त ९० दिवस, तीही आयुष्यात एकदाच. सुरुवातीला हा दर २५ टक्के होता, करोनाच्या काळात २०२० मध्ये तो ५० टक्के झाला.

सरासरी काढताना चारही तुकड्यांतली एकूण मजुरी ७३० ने भागतात. समजा महिना १५,००० रुपयांवर पूर्ण २४ महिने वर्गणी भरली गेली. एकूण ३,६०,०००, रोजचे ४९३ रुपये, त्याचे निम्मे साधारण २४६ रुपये ५० पैसे. नव्वद दिवसांचे होतात जवळपास २२,१९० रुपये. आता तीच व्यक्ती ठेकेदाराने मधे मधे 'ब्रेक' देऊन एकूण १८ महिनेच भरणा केलेली असेल, तर एकूण २,७०,०००, पण भागाकार ७३० नेच. हातात साडेसोळा हजारांच्या आसपास. रक्कम अपेक्षेपेक्षा कमी आली म्हणजे कार्यालयाने कापली असं नाही. पोर्टलवर आपला वर्गणीचा तक्ता उघडून महिने मोजा. पगारपावतीवर कपात दिसते आणि तक्त्यात तो महिना रिकामा आहे, तर मालकाने पैसे कापून भरलेले नाहीत. पगारपावती जोडून शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या, कारण तो महिना ७८ दिवसांच्या हिशेबातही जाऊ शकतो.

अर्ज

नोकरी सुटल्यापासून ३० दिवस झाल्यावर दावा देय होतो, आणि एक वर्षाच्या आत तो करायला हवा. पुढच्या तारखांचा दावा चालत नाही, उलटून गेलेल्या दिवसांचाच करायचा असतो. नव्वद दिवस एकदम मागा किंवा महिना उलटेल तसे मागा. घरात पैशाची ओढ असेल तर महिन्याचा दावा बरा, कारण नावातली किंवा खात्यातली चूक पहिल्याच दाव्यात उघडी पडते.

पहिले तीस दिवस नुसते वाट पाहण्यात घालवू नका. या चार गोष्टी तेव्हाच जुळवून घ्या.

नाव: आधारवर, ईएसआय नोंदीत आणि बँक पासबुकात नाव तंतोतंत एकच हवं. 'रामकृष्ण' एकीकडे आणि 'रामक्रिष्ण' दुसरीकडे, किंवा लग्नानंतरचं आडनाव एका ठिकाणी बदललेलं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हे अडकण्याचं नेहमीचं कारण. जन्मतारीखही तशीच तपासा.

आधार जोडणी: विमा क्रमांकाला आधार जोडलेला असावा आणि आधारला जोडलेला मोबाइल चालू असावा. रिचार्ज संपून सिम बंद पडलं की ओटीपी येत नाही. तंगीच्या महिन्यात लोक हाच खर्च आधी वाचवतात.

बँक खातं: खातं स्वतःच्या नावाचं, चालू, आणि आयएफएससी आजचा हवा. देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्र, अलाहाबाद, ओरिएंटल, युनायटेड या बँका विलीन झाल्या, त्यांचे जुने कोड आता चालत नाहीत. जुनं पासबुक असेल तर शाखेतून नव्या कोडसह छापून घ्या.

दोन विमा क्रमांक: ठेकेदारी कामगारांना यावर जास्त वेळ द्यावा लागेल. एका माणसाला आयुष्यभर एकच दहा अंकी विमा क्रमांक. पण ठेकेदार बदलला की नवा पगारलेखक जुना क्रमांक विचारण्याची तसदी न घेता नवा काढतो. मग दोन वर्षांची वर्गणी दोन क्रमांकांवर विभागली जाते, आणि अर्ज ज्या क्रमांकावरून केला त्यावर दोन वर्षं दिसतच नाहीत. सगळी जुनी ईएसआय कार्डं, पगारपावत्या, टीआयसीचे (तात्पुरत्या ओळखपत्राचे) कागद काढा आणि प्रत्येकावरचा क्रमांक पाहा. दोन निघाले तर भत्त्याच्या अर्जाआधी शाखा कार्यालयात ते एकत्र करण्याचा अर्ज द्या: दोन्ही क्रमांक, दोन्ही मालकांची नावं आणि कामाचा काळ, आधारची प्रत. हे न करता भत्ता मागितला तर तो पात्रतेअभावी परत येतो आणि दोन्ही कामं नव्याने करावी लागतात.

प्रत्यक्ष अर्ज छोटा आहे. ईएसआयसी पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमधून विमा क्रमांकाने आत जा, अटल बीमित योजनेचा दावा निवडा, बेकारीची 'पासून-पर्यंत' तारीख भरा, बँक तपशील तपासा, आधार आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची स्कॅन प्रत जोडा, सादर करा. 'पासून' ची तारीख मालकाने टाकलेल्या शेवटच्या कामाच्या दिवसानंतरची हवी, तिथे एका दिवसाचाही फरक नको. स्कॅन जोडता आली नाही तर अर्जाची छापील प्रत सही करून कागदांसह शाखा कार्यालयात द्या किंवा पोस्टाने पाठवा. पूर्वी मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र आणि मालकामार्फत अर्ज लागत असे. २०२० मध्ये मालकाची अट निघाली, त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रतिज्ञापत्राचीही. नोटरीचे पैसे मागणाऱ्या दलालाला हे सांगा.

कार्यालयात जायचं तर ईएसआयसीचं उपप्रादेशिक कार्यालय गणेशपेठेत पंचदीप भवनात आहे. हिंगण्याकडून येणाऱ्याला लोकमान्य नगरहून मेट्रोची ॲक्वा लाइन थेट कॉटन मार्केटला सोडते, बुटीबोरीकडून खापरीला मेट्रो धरली तर सीताबर्डीला गाडी बदला. तुमचा अर्ज मात्र तुमच्या शाखा कार्यालयात निकाली निघतो. ते कोणतं हे पोर्टलवर तुमच्या नावाखाली दिसतं, म्हणून आधी ते पाहा, मग तिकीट काढा. कागद देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. शिक्का नसलेला कागद दिला काय नि न दिला काय.

कारखाना कायमचा बंद झाला, कायद्याने कपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीने किमान ४० टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेबद्दल विचारा. १ एप्रिल २००५ पासूनची ही योजना पहिले बारा महिने सरासरी मजुरीच्या ५० टक्के आणि पुढचे बारा महिने २५ टक्के देते. दोन्ही योजनांचा पैसा एकाच वेळी मिळत नाही. तुमचं प्रकरण खरोखर कारखाना बंदीचं असेल तर नव्वद दिवसांच्या योजनेत घाईने अर्ज टाकण्याआधी शाखा व्यवस्थापकाला हे स्पष्ट विचारा.

मंजुरी येईपर्यंत

दावा साधारण पंधरा दिवसांत निकाली निघावा अशी अपेक्षा आहे. तो पंधरवडा कागद पूर्ण झाल्यापासूनचा, हे लक्षात ठेवा. आधीचे तीस दिवस धरले तर नोकरी सुटल्यापासून पहिला पैसा येईपर्यंत दीड-दोन महिने सहज जातात. घराचं नियोजन तेवढ्या काळाचं करा.

आठवड्यातून एकदा पोर्टलवर स्थिती पाहा. पंधरा दिवस उलटून गेले तर शाखा कार्यालयाला अर्ज क्रमांकासह लेखी विचारणा, त्यानंतर उपप्रादेशिक कार्यालयाचा महिन्याचा 'सुविधा समागम' (तक्रारी ऐकण्याची बैठक), त्यानंतर केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल. हा क्रम मोडून थेट वर तक्रार केली तर कागद फिरून त्याच टेबलावर येतो. फेटाळला गेला तर कारण लेखी मागा. 'पात्र नाही' एवढ्यावर परतू नका. दिवस कमी पडले, कारण २ दिसतं, की क्रमांक दोन आहेत? प्रत्येकाचा उपाय वेगळा.

दवाखान्याचं मात्र लोक उगाच सोडून देतात. नोकरी गेली त्या दिवशी ईएसआयचा उपचार बंद होत नाही. एप्रिल ते सप्टेंबरात ७८ दिवसांची वर्गणी असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत हक्क राहतो, ऑक्टोबर ते मार्चात ७८ दिवस असतील तर जुलै ते डिसेंबर. म्हणजे नोव्हेंबरअखेर काम सुटलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस ६१ च्या वर जात नाहीत आणि उपचार जूनअखेर थांबतो. तेच काम डिसेंबरअखेरपर्यंत टिकलं तर ९२ दिवसांपर्यंत भरतात आणि पुढच्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत सोय होते. कपातीची तारीख मालकाशी बोलून ठरत असेल तर हा हिशेब मनात ठेवून बोला. सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय, तिथली औषधं, बाळंतपण, आईवडिलांचं दुखणं, हे सगळं हक्काचं असताना खासगीत पैसे घालू नका. हक्क संपला असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार आहेत. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत गेलात की रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जा.

हप्त्यांचं काम पहिल्याच आठवड्यात उरका. खात्यात पैसे नसताना हप्ता कापायला आला तर बँकेचा दंड आणि कर्जवाल्याचा दंड असे दोन बसतात. हप्त्याच्या किमान आठ-दहा दिवस आधी कर्ज देणाऱ्या शाखेत लेखी अर्ज द्या: नोकरी गेल्याचं पत्र, ईएसआय दाव्याची पोच, आणि ठोस मागणी. 'तीन महिने फक्त व्याज घ्या' किंवा 'मुदत वाढवून हप्ता कमी करा' असं. 'काहीतरी सवलत द्या' असं लिहिलं तर काहीच होत नाही. ॲपवरचं झटपट कर्ज घेऊन दुसरा हप्ता फेडणं हा या काळातला सर्वांत वाईट व्यवहार. सोनं गहाण ठेवून बँकेकडून घेतलेलं कर्ज त्याहून कितीतरी बरं.

रेशनकार्ड केशरी असेल आणि उत्पन्न खरोखर घसरलं असेल तर प्राधान्य कुटुंब यादीसाठी अर्ज करून ठेवा. शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये आहे. यादीत जागा असेल तरच नाव लागतं, तेव्हा त्यावर विसंबून राहू नका.

पीएफला हात घालण्याआधी थोडं थांबा. एक महिना बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी सगळा, असा जुना नियम लोकांच्या डोक्यात पक्का आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने तो बदलायला मंजुरी दिली: ७५ टक्के लगेच, उरलेले २५ टक्के बारा महिन्यांनी, पेन्शनचा भाग ३६ महिन्यांनी. म्हणून 'दोन महिन्यांनी सगळा पीएफ येईल' या भरवशावर कुणाला देण्याची तारीख सांगू नका, पीएफच्या पोर्टलवर तुमच्यापुढे कोणता पर्याय उघडतो ते पाहून बोला. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती यूएएनमधून (पीएफच्या कायमच्या खाते क्रमांकातून) स्वतः टाकता येते. पाच वर्षांहून कमी नोकरी आणि ५०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर १० टक्के कर कापतात, पॅन जोडलेला नसेल तर दुप्पट. गरजेपुरतंच काढा. वर्गणी थांबली तरी ५८ वर्षांच्या वयापर्यंत शिलकीवर व्याज मिळत राहतं, आणि दहा वर्षांच्या सेवेवर जी पेन्शन बसते ती आठव्या-नवव्या वर्षी पेन्शनचा पैसा काढून घालवणारे बरेच असतात. पीएफचं प्रादेशिक कार्यालय रघुजीनगरात आहे. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' शिबिर जिल्ह्यात भरतं, अडलेलं प्रकरण तिथे न्या.

मालकाकडचं येणंही सोडू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार कामावरून काढल्यावर, कपात झाल्यावर किंवा राजीनाम्यानंतरही थकीत पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती कामगाराच्या खात्यात ४५ दिवसांत यायची, अशी तरतूद आहे. शिवाय वर्षभर सलग काम केलेल्याला महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला आता एका वर्षावर ग्रॅच्युइटी बसते. 'फुल अँड फायनल'च्या कागदावर 'माझं काही येणं नाही' असं छापलेलं असतं. त्यावर सही करायची वेळ आलीच तर आकड्यांशेजारी 'बाकी रकमेचा हक्क राखून' असं स्वतःच्या हाताने लिहा.

या काळात झोप उडणं, घरात वाद होणं, चौकात जायचीही लाज वाटणं हे सगळं होतं. घरच्यांपासून नोकरी गेल्याचं लपवणारे रोज डबा घेऊन बाहेर पडतात आणि पेट्रोलही जाळतात. त्याऐवजी पहिल्या दोन दिवसांत सांगून टाका, खर्चाची वही सगळ्यांसमोर उघडा. मन फारच खचलं तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, फुकट.

काम शोधत राहणं भत्त्याच्या आड येत नाही. महास्वयं पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा. नवी नोकरी मधेच लागली तर त्या तारखेपासून मदत थांबते, आधीच्या दिवसांची मिळते. लागलेली नोकरी लपवून पुढचा दावा केला तर तो खोटं निवेदन ठरतो आणि नव्या मालकाची पहिलीच वर्गणी ते उघड करते. नव्या ठिकाणी रुजू होताना पगार लिहिणाऱ्याच्या हातात जुना दहा अंकी विमा क्रमांक आणि यूएएन चिठ्ठीवर लिहून द्या, आणि पहिल्या महिन्याच्या भरण्यानंतर त्याच क्रमांकावर वर्गणी पडली की नाही ते पोर्टलवर स्वतः पाहा.